म्युझियममध्ये आजोबांचं काय काम?

म्युझियम म्हटलं की आपल्याला शाळेची सहल आठवते. दोन-दोनची रांग, 'हात लावू नका'ची पाटी आणि बाहेर आल्यावर भेळ. कॉलेजला आल्यावर तेवढंही संपलं. आणि म्हातारी माणसं? ती फार तर नातवंडांबरोबर येतात आणि पहिला बाक दिसला की बसतात. बाक असलाच तर! माझं मत जरा उलटं आहे. म्युझियमला आपल्यापेक्षा जास्त गरज म्हाताऱ्या माणसांची आहे, आणि तीसुद्धा प्रेक्षक म्हणून नव्हे, माहीतगार म्हणून.

मी अंजूरचा. हॉस्टेलवर गावाचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे भिवंडीच्या गोडाऊनकडे का?" इतिहासाची आवड असलेल्यांना मात्र अंजूर माहीत असतं ते गंगाजी नाईकांमुळे. 1737 ते 1739 मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध वसईची मोहीम झाली, चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्यात अंजूरकर नाईकांचा मोठा हात होता. ते बखरीत लिहिलं गेलं म्हणून आज आपल्याला कळतं. पण त्याच परिसरात पिढ्यान् पिढ्या भात लावणारे, खाडीत पाग टाकणारे, भिवंडीत लूम चालवणारे यांची बखर कोणी लिहिली? ती आहे फक्त सत्तरी-ऐंशीच्या डोक्यांत. भाताच्या शेतांवर गोडाऊन उभी राहिली, इरली आणि कणग्या कुजून गेल्या, लोखंडी वस्तू भंगारात गेल्या. माझा आजा 84 वर्षांचा आहे. दिवसभरात घरातले त्याला एकच प्रश्न विचारतात, "गोळी घेतली का?"

आता हे म्युझियमशी कसं जोडायचं? एक उदाहरण देतो. खाडीकाठच्या शेतीला खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध असतो, आणि बांधाला पाणी सोडायला उघाडी असते. समजा अशा उघाडीचं लाकडी दार उद्या म्युझियममध्ये ठेवलं. खाली चिठ्ठी काय असेल? 'लाकडी दार, उंची इतकी, रुंदी इतकी.' संपलं. पण ते दार कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं, हे त्या लाकडात कुठे लिहिलंय? ते आज्याला विचारा. तो तिथी विचारतो आणि तिची पाऊणपट करतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. समुद्रापासून खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा, आणि तो किती हे ज्याच्या त्याच्या बांधावर ठरलेलं.

मित्रहो, ही जादू नाही, शुद्ध अंदाजगणित आहे. चंद्रामुळे भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. पाऊणपट केली की दर तिथीला 45 मिनिटं पुढे. कॅलक्युलेटर नाही, तक्ता नाही, आणि चूक थोड्या मिनिटांची! आपण व्हायवाला एवढं अचूक उत्तर देतो का? दार म्हणजे हार्डवेअर झालं. ते चालवण्याची रीत माणसाबरोबर जाते.

कापडाचंही तेच. लूमचा जुना धोटा काचेत ठेवला तर बघणाऱ्याला तो छोट्या होडीसारखा गुळगुळीत लाकडाचा तुकडा दिसतो. लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर त्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घेत, एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे आणि सुताची धूळ छातीत जाई. त्यातून रोग पसरतात म्हणून अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 साली अशा धोट्यांवर कायद्याने बंदी घातली. धोट्याकडे नुसतं बघून हे कोणाला कळेल? ज्याने तो हातात धरला त्यानेच सांगायला हवं.

आपल्याकडे हे कोणी केलंच नाही असं नाही. मुंबईत 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या कामगारांना, बायाबापड्यांना, कार्यकर्त्यांना बोलतं केलं, आणि 2004 मध्ये त्या मुलाखतींचं जाडजूड पुस्तक निघालं. पुण्याच्या केळकर म्युझियमचे दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि 1975 मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारला दिला. वस्तू जमवायचं काम एका माणसाने केलं, आठवणी जमवायचं दोघींनी केलं. आता हे दोन्ही एका छपराखाली यायला हवं.

कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या म्युझियममध्ये बलुतेदार, शेतकरी, बाजार असं सगळं जुनं खेडं पुतळ्यांतून उभं केलंय. तिथे मी एक गोष्ट पाहिली. तरुण मंडळी फोटो काढत होती, आणि बरोबर आलेल्या म्हाताऱ्या मात्र न सांगता गाईड झाल्या होत्या. आमच्या आजीला तर आवरणं मुश्किल झालं. प्रत्येक दुसऱ्या पुतळ्यासमोर, "यो तं आमचे घरान व्हता!" दहा मिनिटांत आजूबाजूची अनोळखी पोरं तिच्यामागे फिरायला लागली. गुडघे दुखतात ही तक्रार त्या दिवशी तिने एकदाही केली नाही.

परदेशात या गोष्टीचा नीट विचार झालाय. डेन्मार्कमध्ये आरहूस शहरात 'डेन गामले ब्यू' नावाचं म्युझियम आहे. तिथे 1950 च्या काळातलं घर जसंच्या तसं सजवलंय, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना तिथे बसवून कॉफी देतात, जुन्या वस्तू हातात देतात. वस्तू हाताला लागली, ओळखीचा वास आला की अडकलेलं बोलणं सुटतं. लिव्हरपूलच्या म्युझियमने 2012 मध्ये 'हाउस ऑफ मेमरीज' सुरू केलं, त्यात म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना अशा आठवणी कशा जाग्या करायच्या याचं ट्रेनिंग मिळतं. यात कुठलंही महागडं मशीन नाही.

यावर दोन शंका मला रूममध्येच ऐकायला मिळाल्या. पहिली, "म्हातारी माणसं काहीही सांगतात, आठवणीवर काय भरवसा?" अरे बाबा, प्रॅक्टिकलला आपण एकच रीडिंग घेतो का? तीन घेतो. इथेही एकच वस्तू तिघांना दाखवा, तिघांचं लिहा, जुळत नसेल तर तसंही लिहा. दुसरी शंका, "त्यांना म्युझियममध्ये येण्यात इंटरेस्टच नसतो." मग आपण काय ठेवलंय त्यांच्यासाठी? प्रवासाचं म्हणाल तर 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. अडतं ते दारात पोचल्यावर. जिना चढायला लावतात, दोन दालनांत एक खुर्ची नसते, चिठ्ठीवरचं अक्षर आपल्यालाही वाचता येत नाही, आणि टॉयलेट विचारत फिरावं लागतं. उतार, खुर्च्या, मोठं मराठी अक्षर आणि हात लावून बघता येईल असं एक टेबल, एवढं केलं तरी अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे आठवड्यातली एक सकाळ त्यांची. त्या सकाळी त्यांनी बोलायचं, म्युझियमवाल्यांनी लिहून घ्यायचं. आणि हो, त्यांचं नाव चिठ्ठीवर छापायचं आणि मानधनही द्यायचं. नुसती शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवणी नको.

म्युझियमवाले करतील तेव्हा करतील. आपल्या हातात काय आहे? हॉस्टेलवर आपण कुठकुठल्या गावांहून आलोय. प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंग करणारा मोबाइल आहे. या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने एकच वस्तू आणि एकच माणूस निवडायचा. वस्तू चार बाजूंनी मोजायची, फोटो काढायचा, एक साधं ड्रॉइंग करायचं (ग्राफिक्सचा कुठेतरी उपयोग होऊ दे!). मग वीस मिनिटं विचारायचं. कोण बनवायचं, मोडलं तर काय करायचे, कशाने हात कापायचा, कधीपासून वापरणं बंद झालं. त्यांची परवानगी घ्यायची आणि एक प्रत त्यांच्या हातात द्यायची. गॅदरिंगला वर्कशॉपमध्ये दोन टेबलं मांडून हे सगळं ठेवू, आणि सांगणाऱ्यांनाच पाहुणे म्हणून बोलवू. सर आणि मॅडम लोकांनी वर्कशॉपची परवानगी आणि बसायला चाळीस खुर्च्या दिल्या तर बाकीचं आम्ही बघतो.

मी आज्याचं नाव पहिलं लिहितोय. उघाडीचं दार काही राहिलेलं नाही, पण त्याने सांगितलेल्या मापावरून ते कार्पेंट्री शॉपमध्ये बनवता येईल असं मला वाटतं. ज्यांना यात यायचंय त्यांनी सुट्टी लागायच्या आत नाव द्यावं. सबमिशनसारखं शेवटच्या रात्रीवर ढकलू नका, कारण इथे एक्स्टेन्शन मिळेलच असं नाही.