पिले वाढविण्यापूर्वी

नाशकातील दिवाणखान्यात नाना जातींच्या माशांनी गजबजलेल्या काचेच्या टाकीत सिक्लिडची जोडी सोडणारे हौशी गृहस्थ हे विसरतात की, अंडी घालताच हे दांपत्य कोपरा बळकावून तेथे आपला अंमल बसविते, शेजाऱ्यांवर धावून जाते, आणि तरीही दिवा मालवल्यावर बहुतेक पिले त्याच शेजाऱ्यांच्या पोटात जातात. म्हणून स्पंज फिल्टरची स्वतंत्र टाकी व आर्टेमिया या चिमुकल्या जलजीवांचा ताजा खुराक यांची तजवीज आधी करणे इष्ट. परंतु वाढलेली पिले गोदावरीत सोडून पुण्य पदरी पाडून घेणे सर्वथा गैर होय. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया, हाही सिक्लिडच, देशी माशांच्या मुळावर उठला आहे. पिलांना घर मिळणार नसेल, तर अंडीच काढून टाकावीत.