ऐकत नाही, की ऐकू येत नाही?

मैत्रिणींनो, आपल्याकडे सुनेबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार कोणती? 'ती ऐकत नाही.' लातूरला सासरी माझ्याबद्दल ती बारा वर्षं होत होती. सासूबाई चुलीपाशी बसून हाक मारायच्या, मी अंगणात धान्य निवडत असायची, ओ द्यायची नाही. शिरजोर ठरले. पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं.

त्याच घरात सासऱ्यांना सत्तरीत कमी ऐकू यायला लागलं, तर सहा महिन्यांत यंत्र आलं. त्यांना बातम्या ऐकायच्या असतात ना! मला काय ऐकायचंय, हे कुणी विचारलं नाही. आम्ही नांदेडला आलो तेव्हा बहिणीनं हाताला धरून तपासणीला नेलं. दोन्ही कानांत ५५ डेसिबलची घट निघाली. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची रेषा ६० डेसिबल घटीपासून सुरू होते, म्हणजे कागदावर मी ठणठणीत. यंत्र स्वतःच्या पैशानं घेतलं, बांगड्या मोडून.

आमच्या गटातल्या एकीला शिबिरात खिशातलं यंत्र फुकट मिळालं. खिशातलं! आपल्या पोलक्याला खिसा असतो का? तिनं ते पोलक्यात खोचलं. घामानं भिजलं, वर पदर घासून कानात नुसती खरखर. महिन्यात यंत्र पेटीत गेलं. मग म्हणायला मोकळे, बायका दिलेलं वापरत नाहीत.

माझं कानामागचं. डोक्यावर पदर घेतला की आवाज कापडावर आपटून परत यंत्रात शिरतो आणि शिट्टी वाजते. मी पदर खाली घेतला. बारा वर्षांच्या बहिरेपणाची चर्चा झाली नाही तेवढी त्या पदराची झाली. 'कान बरा होता तेव्हा डोक्यावर होता की!' असंही ऐकलं, आणि गंमत म्हणजे ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.

लातूरच्या डाळमिलांत दिवसभर यंत्रांच्या आवाजात काम करणाऱ्या बायका आपल्या ओळखीच्या आहेत. गोंगाटानं येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्यानं नोंदवायच्या रोगांच्या यादीत घातला होता. रोजंदारीवरच्या बाईचे कान तपासलेले तुम्ही पाहिलेत? ती मोठ्यानं बोलते म्हणून भांडखोर ठरते, एवढंच.

पण सगळं दुसऱ्यांवर ढकलून चालायचं नाही. आपल्या बैठकांचं काय? यंत्र म्हणजे चष्मा नव्हे, की लावला आणि लख्ख झालं. ते पंख्याची घरघर आणि तुमचं बोलणं, दोन्ही मोठं करतं. चौघी एकदम बोलल्या की माझ्या कानात बाजार भरतो. तोंडासमोर पदर धरून कुणी बोललं तर ओठही दिसत नाहीत. 'काय म्हणाली गं?' विचारलं की शेजारची म्हणते, 'काही नाही, नंतर सांगते.' नंतर कुणी सांगत नाही.

मागच्या बैठकीत ठरावाला मी हात वर केला, कारण बाकीच्यांचे वर गेले होते. ठराव कशाचा होता, ते दुसऱ्या दिवशी लातूरच्या एसटीत, अहमदपूरच्या पुढं आल्यावर कळलं. मी त्याच्या विरोधात होते.