कारगिलला दोन रात्री द्या

लडाखच्या सहली मी गेली अनेक वर्षं आखते आहे आणि दर हंगामात तोच आग्रह ऐकते : "ताई, कारगिलला नुसता मुक्काम ठेवा, पहाटेच लेहकडे निघू." श्रीनगरहून सुटलेली गाडी झोजिला ओलांडते, द्रासच्या स्मारकापाशी थांबते, अंधार पडता पडता कारगिलला पोचते आणि उजाडताच पुढे निघते. ज्याचं नाव महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे, ते गाव आपण बघतच नाही. हे बदलायला हवं.

द्रासला थांबायचंच. तोलोलिंगच्या पायथ्याशी हुतात्म्यांच्या नावांत आपल्या तालुक्यातलं नाव शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या शोधाचं मोल मी जाणते. पण १९९९ चं युद्ध मे ते जुलै चाललं. द्रासपासून साठेक किलोमीटरवरच्या कारगिल गावाला त्याआधी काही शतकांचं आयुष्य आहे, आणि युद्धानंतरचंही आहे. तेव्हा तोफगोळे या गावावरही पडले, कितीतरी कुटुंबांनी सुरूच्या खोऱ्यात आसरा घेतला. त्यांच्या दारावरून जाताना निदान त्यांची विचारपूस तरी करायला हवी.

कारगिल सुरू नदीच्या काठावर आहे. पश्चिमेला श्रीनगर, पूर्वेला लेह, दोन्ही साधारण दोनशे किलोमीटरवर. दक्षिणेची वाट झंस्कारला जाते आणि उत्तरेची जायची स्कर्दूला. यारकंद-काश्गरचा माल काराकोरम खिंडीतून लेहला यायचा, तिथून काश्मीर-पंजाबकडे निघायचा. या वर्दळीतला एक व्यापारी म्हणजे मुन्शी अझीझ भट. त्यांनी १९२० मध्ये गावात सराई बांधली : खाली जनावरं, वर व्यापारी. सराईत सापडलेल्या वस्तूंचं संग्रहालय आज त्यांचेच वंशज चालवतात. मध्य आशियातले गालिचे, घोड्यांची खोगीरं, फिरोजाचे दागिने, हिशेबाचे कागद आणि थेट युरोपातून आलेला किरकोळ माल, सगळं एका छताखाली. तासाभरात कळतं, की ज्याला आपण देशाचं टोक समजतो, ते चार वाटांचा नाका होतं.

तो नाका मोडला तो फाळणीनंतरच्या लढाईत. तोवर लेह, कारगिल आणि स्कर्दू एकाच लडाख वजारतीत होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये जनरल थिमय्यांनी साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिलात रणगाडे चढवले आणि महिना संपायच्या आत कारगिल भारताच्या हाती आलं. स्कर्दू पलीकडे राहिलं, रस्ता बंद झाला. बाल्टी आणि पुरगी बोलणाऱ्या कितीतरी घरांचे चुलते, मामे, बहिणी पलीकडे अडकल्या. जवळच्याच खोऱ्यातल्या माणसाला भेटायचं तर व्हिसा काढून अटारी-वाघाचा वळसा घालायचा, हे त्यांच्या नशिबी आलं.

गावाजवळच्या हुंदरमनला हे डोळ्यांनी दिसतं. १९७१ च्या डिसेंबरपर्यंत हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होतं. त्या युद्धात ते भारतात आलं. डोंगरउतारावर एकावर एक रचलेली दगडी घरं आता ओस आहेत, माणसं थोड्या अंतरावर नव्या वस्तीत राहतात. जुन्या घरांत त्यांनी भांडी, कागदपत्रं, पलीकडून आलेली पत्रं जपून मांडली आहेत. सरहद्द म्हणजे काय, हे मुलांना शिकवायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

दुसरा दिवस सुरूच्या खोऱ्यासाठी ठेवा. संकू, पानिखर ओलांडत गेलं की सात हजार मीटरहून उंच नून-कून दिसतात. किंवा लेहच्या वाटेवर चाळीसेक किलोमीटरवरच्या मुलबेखला जा. तिथे अखंड कड्यात कोरलेला, सुमारे तीस फुटी मैत्रेय उभा आहे. शियाबहुल जिल्ह्यात बुद्ध आणि इमामबाडे एकाच प्रवासात भेटतात. बाजारात जर्दाळू घ्या. पांढऱ्या बीचा गोड 'रक्त्से कार्पो' ही लडाखची खास जात; त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

झोजिलाखालून तेरा किलोमीटरहून लांब बोगदा खोदला जातो आहे. तो झाला की हिवाळ्यातली कोंडी सुटेल आणि गाड्या आणखी वेगाने धावतील. वाढलेल्या वाहतुकीतून कारगिलच्या पदरात धूळच पडणार की रोजगारही, हे बऱ्याच अंशी सहली आखणारे आणि सहलीला जाणारे ठरवतील. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना सांगणं आहे : कार्यक्रमपत्रिकेत कारगिलपुढे 'मुक्काम' लिहून थांबू नका, दोन रात्री धरा, स्थानिक वाटाड्या घ्या, संग्रहालयाचं तिकीट खर्चात धरा. आणि प्रवाशांनो, तुम्ही ते मागून घ्या. ज्या भूमीसाठी आपल्या जवानांनी प्राण दिले, तिथल्या माणसांची ओळख करून घेणं हा त्या जवानांच्या स्मरणाचाच भाग आहे.