घंटा वाजली, पण ऐकणार कोण?

कर्करोगावरील रासायनिक उपचार रुग्णालयात काही तासांत आटोपतात. त्यांची खरी कसोटी रुग्ण घरी परतल्यावर सुरू होते. औषध दिल्यानंतर साधारणतः सात ते चौदा दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बहुधा नीचांकास पोहोचतात. अशा वेळी आलेला १००.४ अंशांचा ताप, एरवी ज्याला आपण कणकण म्हणून सोडून देऊ, तो त्वरित उपचार न झाल्यास जिवावर बेतू शकतो. आणि आमच्याकडे तर 'डॉक्टरांना रात्री कशाला त्रास' म्हणून दुखणे अंगावर काढण्याची रीतच आहे!

या काळात मोबाइल फोनवरील ॲप व मनगटी उपकरणे रुग्णाची सोबत करू शकतील काय? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात डॉ. ईथन बाश व सहकाऱ्यांनी ७६६ रुग्णांवर केलेला प्रयोग याबाबतीत मननीय आहे. रुग्णांनी आपल्या बारा नित्य तक्रारी संगणकावर नोंदवायच्या. तक्रार बळावताच परिचारिकेस सूचना जायची. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णांच्या हयातीचा मध्यक ३१.२ महिने होता. नेहमीची देखभाल मिळालेल्यांचा २६ महिने. पुढे अमेरिकेतील ५२ उपचारकेंद्रांत झालेल्या अभ्यासात रुग्णांचा त्रास कमी झाला, हिंडण्याफिरण्याची शक्ती अधिक टिकली. आयुष्य वाढल्याचे मात्र त्यात सिद्ध झाले नाही. तेव्हा चमत्काराची भाषा नको. पण उपेक्षेचीही नको.

यातील मर्म यंत्रात नाही, हे ध्यानी घेतले पाहिजे. मनगटावरील घड्याळ नाडीचे ठोके, पावले आणि झोप मोजील. मळमळ, तळपायांच्या मुंग्या आणि मनातील धास्ती ते मोजू शकत नाही. ती कोणीतरी विचारावी लागते, आणि विचारल्यावर उत्तर ऐकावे लागते. हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करणे म्हणजे मुलाची चौकशी करणे नव्हे, हे कोणीही शिक्षक सांगेल.

१९४१ साली सुरू झालेल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. शेकडो मैलांवरच्या गावी परतणाऱ्या रुग्णालाच अशा देखरेखीची गरज सर्वाधिक. आणि घरातला एकुलता फोन मुलाच्या खिशात असतो तोही बहुधा त्याच्याच घरी. शिवाय 'कसंतरी होतंय' एवढेच सांगू शकणाऱ्या बाईला इंग्रजी प्रश्नावली काय कामाची?

म्हणून आमच्या मते, कोणत्याही रुग्णालयाने असे ॲप रुग्णाच्या हाती देण्यापूर्वी तीन गोष्टींची हमी द्यावी. प्रश्न रुग्णाच्या बोलीत असावेत, आणि ज्याच्याकडे असा फोन नाही त्याला परिचारिकेने स्वतः फोन करून ते विचारावेत. सूचना येताच अहोरात्र उत्तर देणारी जबाबदार परिचारिका नेमलेली असावी. आणि रुग्णाच्या दुखण्याची माहिती बाजारात जाऊ नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा केवळ कागदावर राहता कामा नये. ताप चढल्यास ॲपच्या उत्तराची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, हेही प्रत्येक रुग्णास स्पष्ट बजावले पाहिजे.

रुग्णाच्या उशाशी घंटा बांधणे सोपे आहे. ती वाजल्यावर धावत येणारा माणूस नेमणे खर्चाचे आहे. तो खर्च टाळून नुसती घंटा बांधणे ही मात्र रुग्णाची क्रूर फसवणूक ठरेल.