वाट पाहून सायकल घ्यावी

माझी पहिली सायकल मी निवडलीच नव्हती. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून सरकारी व अनुदानित हायस्कुलांतल्या आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली देण्याची योजना सुरू केली. त्यांतली एक २०१८ साली आमच्या घरी आली. पटांगणात सायकली ओळीने उभ्या होत्या. हजेरीपटाप्रमाणे नाव पुकारले जाई आणि वाट्याला येईल ती सायकल आपली. मुलगा उंच असो की बुटका, माप एकच. त्यामुळे सायकल 'निवडायची' असते, हे मला अठराव्या वर्षापर्यंत ठाऊकच नव्हते. ते कळायला साडेसात हजार रुपये फी पडली. ती दुसऱ्या कुणाला पडू नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

२०२३ च्या जूनमध्ये मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आलो. येळ्ळूरहून वडगाव, शहापूर, गोवावेस करीत टिळकवाडी गाठायची म्हणजे सात किलोमीटर. त्याच जूनमध्ये शक्ती योजना सुरू झाली आणि माझ्या बहिणीचा बसप्रवास फुकट झाला. मला मात्र पास काढणे आले, आणि सकाळच्या गर्दीत दारात लोंबकळणेही आले. आप्पा म्हणाले, "कर्ज काढू, हप्त्याने स्कूटर घेऊ. चार पोरांत तू कमी दिसायला नको." मी म्हणालो, "सायकल पुरे." घरात त्या दिवशी माझे कौतुक झाले. आईच्या भिशीचा नंबर नुकताच लागला होता. त्यातले साडेअकरा हजार तिने माझ्या हातावर ठेवले.

आणि मी काय घेतले? मनगटाएवढ्या जाड टायरांची, पुढे-मागे शॉकअब्सॉर्बरची, एकवीस गिअरची लालभडक माउंटन बाईक! दुकानाच्या काचेआड ती अशी उभी होती की आता डरकाळी फोडील. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, हे शाळेत किती वेळा तरी वळणदार अक्षरात लिहिले होते. पण अक्षर वळणदार झाले म्हणून अक्कल थोडीच येते?

पहिल्याच पावसात निकाल लागला. तिला मडगार्ड नव्हते. येळ्ळूरच्या शिवारात भातलावणी चालू असते तेव्हा ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल रस्त्यावर येतो. मागच्या चाकाने तो उचलून माझ्या पाठीवर कॉलरपर्यंत सरळ रेघ ओढली. वर्गात शिरलो तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, "लेजरची रेघ का रे?" कॅरिअर नसल्याने दप्तर पाठीवर, आणि पाठ घामाने भिजलेली. पायडल मारावे तसे शॉकअब्सॉर्बर खाली-वर होत, आणि मला वाटे, निम्मी ताकद ते झोपाळेच खाऊन टाकतात. सहा महिन्यांत मागचा गिअर वाकला आणि त्याचा सुटा भाग गावात मिळेना. अखेर ती सायकल मी चार हजारांना विकली. साडेअकरा वजा चार, बाकी साडेसात. कॉमर्समध्ये याला घसारा म्हणतात. आईने मात्र कसलाच शब्द वापरला नाही. तिने हिशेब विचारला असता तर बरे वाटले असते.

मग डोळे दुसऱ्या टोकाला गेले. एका मित्राकडे शर्यतीची सायकल आहे, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल असलेली. ती आठवडाभर वापरून पाहिली. डांबरी रस्त्यावर वाऱ्यासारखी जाते, यात शंका नाही. पण पंचवीस मिलिमीटरचे टायर! आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत त्या आठवड्यात दोनदा पंक्चर झाले. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर तर चाक रुळाशेजारच्या फटीत जाता जाता वाचले. रूळ नेहमी काटकोनात ओलांडावा, हे त्या दिवशी कळले. शिवाय पाठीवर दप्तर आणि मान वर करून पाहायचे, म्हणजे कॉलेजला पोहोचेपर्यंत मान अवघडून जाई.

शेवटी वडगावच्या एका सायकलवाल्या अण्णांकडे गेलो. ते कन्नड बोलतात, समोरच्याने मराठीत उत्तर दिले तरी त्यांचे काही अडत नाही. मी विचारले, "अण्णा, कुठली सायकल चांगली?" चाकाचा आऊट काढता काढता, मान वर न करता ते म्हणाले, "दारी नोड तम्मा, अंगडी नोडब्याड." वाट बघ बाळा, दुकान बघू नकोस.

गंमत अशी की कन्नडात 'दारी नोडोदु' आणि मराठीत 'वाट पाहणे', दोन्हींचे अर्थ दोन: रस्ता निरखणे आणि थांबणे. सायकल घेताना दोन्ही अर्थ उपयोगी पडतात. मी घाई केली नसती तर आईचे पैसे वाचले असते. त्या दिवसापासून मी आठ दिवस माझी वाट नुसती पाहिली. चढ किती, खड्डे किती, पाणी कुठे साचते, रात्री उजेड कुठे नसतो, हे सारे वहीत टिपले. आणि त्यानंतर जे कळले ते असे.

पहिली गोष्ट माप. दांडीची सायकल दोन पायांत घेऊन उभे राहावे. दोन्ही टाचा जमिनीवर टेकून दांडीच्या वर दोन बोटे जागा राहिली पाहिजे. मग सीटवर बसून खालच्या पायडलवर टाच ठेवावी. पाय सरळ झाला की सीटची उंची बरोबर. चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि दुखत नाही. काळ्या साध्या सायकलीच्या फ्रेमी बावीस आणि चोवीस इंची मिळतात. दुकानदार देईल ती घेऊ नये.

दुसरी गोष्ट टायर. आमच्यासारख्या रस्त्याला पस्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर मध्यम. फार जाड असला तर जमिनीला चिकटल्यासारखा ओढतो, फार बारीक असला तर खड्ड्यात मार खातो. किती हवा भरायची तो आकडा टायरच्या बाजूवरच छापलेला असतो.

तिसरी गोष्ट गिअर. सात-आठ किलोमीटरच्या सपाट वाटेला गिअरवाचून अडत नाही. माझ्या आताच्या सायकलीला पुढे ४४ दात आणि मागे १८. पायडलच्या एका फेरीत ती सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी एकोणीस-वीस किलोमीटर होतात. वाटेत मोठा चढ असेल त्याने मात्र गिअरची सायकल अवश्य घ्यावी, पण शॉकअब्सॉर्बर नसलेली, मध्यम टायरांची, मडगार्ड आणि कॅरिअर बसवता येईल अशी. दुकानात तिला हायब्रिड म्हणतात.

चौथी गोष्ट, जी कुणी विचारत नाही ती: बिघडली तर दुरुस्त कोण करणार? अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. पण आमच्या अण्णांकडे अ‍ॅटलसच्या सायकली अजून येतात आणि दुरुस्त होऊन जातात. कारण काळ्या सायकलीचे बहुतेक भाग एकमेकींना चालतात. चेन, पायडल, छर्रे, तारा, सगळे गल्लीच्या तोंडाशी मिळते. आणि सायकलदुरुस्तीची परंपरा या गावाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले होते. ज्या रस्त्यावर ते होते त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिच्या आधी बेळगावात सायकलीचा पाना होता.

सुट्टीत खडेबाजारातल्या एका दुकानात हिशेब लिहून मी पैसे जमवले आणि ६,८०० रुपयांना साधी काळी सायकल घेतली. त्यात कॅरिअर, स्टँड, घंटी, दिवा सगळे आले. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून सायकलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला. आता घेणाऱ्याला तेवढा फायदाही आहे. तिच्यात दोष नाहीत असे नाही. ती जड आहे, आणि लोखंडी रिम भिजली की ब्रेक उशिरा लागतात. पावसात मी हळू चालवतो आणि ब्रेक आधीपासून धरतो. एवढ्यापुरता माझ्या जुन्या लाल सायकलीचा डिस्क ब्रेक सरस होता, हे कबूल केले पाहिजे.

आता कॉमर्सच्या विद्यार्थ्याने हिशेब द्यायलाच हवा. रोजचे चौदा किलोमीटर, वर्षाचे दोनशेवीस दिवस, म्हणजे ३,०८० किलोमीटर. स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर गेली तरी अडुसष्ट लिटर पेट्रोल लागेल. पेट्रोल केव्हाच शंभराच्या वर गेले आहे. म्हणजे वर्षाच्या पेट्रोलात एक सायकल येते! कर्जाचे व्याज अजून धरलेलेच नाही.

राहता राहिली लाज. काही मित्र विचारतात, "दूध घालायला आलास का?" माझे म्हणणे असे, की दूधवाल्याने चाळीस लिटरचे कॅन लावून वर्षानुवर्षे वापरलेल्या सायकलीहून मोठे प्रशस्तिपत्रक कुठले? त्याने दुकान पाहून नव्हे, वाट पाहून सायकल घेतलेली असते. लाज वाटायची तर मला त्या लाल सायकलीची वाटते. ती मी माझ्या रस्त्यासाठी घेतलीच नव्हती. चार पोरांनी पाहावे म्हणून घेतली होती. आप्पांना स्कूटरही त्याचसाठी हवी होती. म्हणजे आप्पांना नाही म्हणताना मी शहाणा ठरलो, पण चूक तीच केली.

प्राचार्यांना आणि विद्यार्थी संघाला एकच विनंती. आपल्या कॉलेजात स्कूटरींना छत आहे, सायकली मात्र उन्हापावसात भिंतीला टेकून उभ्या असतात. सायकलींसाठी चार पत्रे आणि एक हवेचा पंप एवढे झाले, तरी येळ्ळूर-वडगावकडून येणारी आणखी चार मुले पायडल मारतील.

परवा आई म्हणाली, "बाजारातून तांदळाचं पोतं आणायचंय, तुझ्या सायकलीवर येईल का?" आले. लाल सायकलीच्या वेळी असा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. साडेसात हजार अजून फिटलेले नाहीत, पण त्या दिवशी खात्यात पहिली जमा पडली असे मला वाटले.