विश्लेषण : खर्रा, फवारणी आणि अंगावर काढलेले दुखणे... या प्रश्नांवर पीएचडी कशी होते?

वर्धा जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत, एक सेवाग्रामला आणि दुसरे सावंगीला (मेघे). हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या मोठ्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्रही आहे. तरीही विदर्भातील गावागावांत दुखणे अंगावर काढले जाते, तोंडात खर्रा असतो आणि कपाशीवर फवारणी करणाऱ्याच्या तोंडाला अनेकदा साधा रुमाल असतो. औषध उपलब्ध असताना माणूस ते का घेत नाही, धोका माहीत असताना सवय का सुटत नाही, या प्रश्नांचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या सामाजिक आणि वर्तनविषयक पैलूंचे संशोधन. त्यात पीएचडी करता येते. पण त्यासाठी वय, वेळ आणि पैसा पणाला लावावा लागतो. हे गणित ग्रामीण विद्यार्थ्याला जमते का?

हा विषय नेमका काय?

डॉक्टर एका रुग्णाचा आजार पाहतो. सार्वजनिक आरोग्य संपूर्ण वस्तीचा आजार पाहते. या शाखेत त्याच्याही मागे जाऊन आजारापर्यंत नेणारी परिस्थिती पाहिली जाते. मजुरी बुडेल म्हणून तपासणी टाळणे, सासूच्या परवानगीशिवाय दवाखान्यात न जाणे, क्षयरोग झाल्याचे लपवणे, मानसिक त्रासाला ‘वेड’ समजणे हे सगळे त्यात येते. अभ्यासाची साधने समाजशास्त्र, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र आणि संख्याशास्त्रातून घेतलेली असतात. घरोघरी सर्वेक्षण, दीर्घ मुलाखती, गटचर्चा आणि एखादा उपाय करून त्याचा परिणाम मोजणे या मुख्य पद्धती आहेत.

पीएचडीनंतर नावापुढे ‘डॉ.’ लागते, पण रुग्ण तपासण्याचा अधिकार मिळत नाही. ‘कम्युनिटी मेडिसिन’मधील एमडी ही एमबीबीएसनंतरची वेगळी वाट आहे.

‘लोक ऐकत नाहीत’ हे उत्तर का चुकते?

वर्तन म्हटले की दोष माणसावर जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. तेव्हा ‘हातमोजे, मास्क का घातले नाहीत?’ असा प्रश्न वारंवार विचारला गेला. मात्र त्या हंगामात कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. दमट उकाड्यात पूर्ण अंग झाकून दिवसभर काम करणे अवघड होते. फवारणी करणाऱ्यांत रोजंदारीवरचे मजूरही होते. औषध कोणते आणि त्याची मात्रा किती, याचा सल्ला बहुतेक वेळा कृषी केंद्राच्या दुकानातून येत होता. अशा स्थितीत केवळ जनजागृतीचे फलक लावून काय बदलणार?

खर्ऱ्याचेही तसेच आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरी २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते. वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीला काही दशके झाली, पण अवैध दारूवरील छाप्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. कायदा आणि सवय यांच्यातले हे अंतर कुठून येते, हे शोधणे या विषयाच्या संशोधकाचे काम. त्यासाठी वर्ध्याइतके जवळचे क्षेत्र शोधूनही सापडणार नाही.

अशा संशोधनाने बदल झाल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि ती विदर्भातलीच आहेत. वर्धा जिल्ह्यातील कान्हापूर येथे काम करताना डॉ. अभय बंग यांनी रोजगार हमी योजनेतील किमान मजुरी कशी ठरवली गेली, याचा अभ्यास केला. मजुराला लागणारे अन्न आणि कुटुंबाचा खर्च यांचा हिशेबच कमी धरला गेल्याचे त्यातून पुढे आले. त्यानंतर मजुरीत वाढ झाली. आरोग्याचा प्रश्न मजुरीच्या आकड्यात दडलेला असू शकतो, हे त्यातून दिसले.

पुढे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि परतून गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था उभारली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतील ६५० महिलांपैकी ९२ टक्के महिलांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या महिला होत्या फक्त ८ टक्के. आजार होता, पण तो बोलायला जागा नव्हती. १९९९ मधील त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात गावातल्याच महिलांना प्रशिक्षण देऊन घरी नवजात बाळाची काळजी घेतली गेली. त्यातून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आशा सेविका आज बाळंतिणीच्या घरी जातात, त्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे मूळ या कामात आहे.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेला ‘विश्राम’ उपक्रम अलीकडचा. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या भागात गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल लोकांशी बोलणे सुरू केले आणि समुपदेशन गावात आणले. आधीच्या पाहणीत नैराश्यग्रस्तांपैकी ४.३ टक्के जण मदत घेत होते. उपक्रमानंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के आढळले.

ही कामे पीएचडीसाठी झालेली नव्हती. पण प्रश्न गावातून घ्यायचा, तो काटेकोर मोजायचा आणि उत्तर गावाला उपयोगी पडेल असे मांडायचे, ही चांगल्या प्रबंधाचीही कसोटी आहे.

प्रवेशाचे नियम काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी किंवा ७५ टक्के गुणांसह चार वर्षांची पदवी आवश्यक आहे. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत मिळते. म्हणजे एमएसडब्ल्यू, समाजशास्त्र, मानसशास्त्र, नर्सिंग, एमपीएचच नव्हे, तर अभियांत्रिकीचे पदवीधरही पात्र ठरू शकतात. विषयाची अट मात्र प्रत्येक संस्था ठरवते. किमान कालावधी तीन वर्षे, कमाल सहा. महिला उमेदवारांना कमाल मर्यादेत आणखी दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते.

२०२४ पासून पीएचडी प्रवेशासाठी ‘नेट’चे गुण ग्राह्य धरण्याची सोय झाली. त्यात ‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’ हा स्वतंत्र विषय आहे. जेआरएफ न मिळालेल्या पात्र उमेदवारांच्या निवडीत नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. काही विद्यापीठे स्वतःची ‘पेट’ परीक्षाही घेतात, त्यामुळे अर्जाआधी संबंधित विद्यापीठाची अधिसूचना वाचणे आवश्यक.

मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्था, देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, दिल्लीतील जेएनयू आणि तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र ही या क्षेत्रातील जुनी नावे. जिल्ह्यातच सेवाग्राम आणि सावंगी येथे सार्वजनिक आरोग्याचे विभाग आहेत.

पैशाचे काय?

खरी अडचण इथे आहे. जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७ हजार आणि दोन वर्षांनंतर ४२ हजार रुपये मिळतात. त्यासाठी खुल्या प्रवर्गातील पुरुष उमेदवारांना ३० वर्षांची वयोमर्यादा आहे. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती आणि अनुसूचित जमातींसाठी टीआरटीआय या संस्था फेलोशिप देतात. जागांची संख्या आणि रक्कम मिळण्यास होणारा विलंब यांवरून विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलने करावी लागली आहेत. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराला फेलोशिपविना चार-पाच वर्षे काढणे कठीण. आधी नोंदणी आणि मग फेलोशिपचा शोध, हा क्रम म्हणूनच धोक्याचा ठरतो.

पदवीनंतर संशोधन संस्था, विद्यापीठे, स्वयंसेवी संस्था आणि शासकीय प्रकल्प हे पर्याय आहेत. मात्र बरीच पदे प्रकल्पापुरती, कंत्राटी असतात. सर्वेक्षण, माहितीचे विश्लेषण आणि इंग्रजीत लेखन येत असेल तर वाट थोडी सोपी होते.

गावचा विद्यार्थी कुठे पुढे असतो?

भाषेत आणि विश्वासात. ‘तंबाखू किती वेळा घेता?’ या छापील प्रश्नाला मिळणारे उत्तर आणि पानटपरीवर ‘दिवसाच्या किती पुड्या?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर सारखे नसते. हा फरक बाहेरच्या संशोधकाला कळायला काही महिने जातात.

पण ओळख हीच जोखीमही आहे. लहान गावात कोण कुणाच्या घरी मुलाखतीला गेले, हे संध्याकाळपर्यंत चौकात कळते. क्षयरोग, व्यसन, मारहाण किंवा नैराश्यावर बोललेली बाई नाव बदलूनही ओळखू येऊ शकते. नैतिकता समितीची मंजुरी, समजावून घेतलेली संमती आणि गोपनीयता या गोष्टी म्हणून कागदापुरत्या ठेवून चालत नाहीत.

अर्ज करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. मार्गदर्शकाने गावपातळीवर संशोधन केले आहे का? पहिल्या दोन वर्षांच्या खर्चाची सोय आहे का? आणि प्रबंधाचे निष्कर्ष आशा सेविका, ग्रामपंचायत किंवा आरोग्य केंद्राला वापरता येतील का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ‘डॉ.’ होणाऱ्याचा फायदा होईल, पण ज्यांनी दार उघडून आपले दुखणे सांगितले त्यांच्या हाती काही लागणार नाही.