उलटे आटे

माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत भंडाऱ्यास दुकान काढले. दुकान म्हणजे घराची पुढची पडवीच. तेथे यंत्रे मिळत नाहीत. यंत्रांचे नकाशे मिळतात, आणि त्या नकाशाबरहुकूम यंत्र घरी जुळवायला लागणारे बेरिंग, पुली, साखळी, पट्टा, नट-बोल्ट, वायसर असे सुटे भाग मिळतात. लाकूड आणि अंगमेहनत ज्याची त्याने आणावी. "यंत्र न विकणारा यंत्रवाला" असे आमच्या सौभाग्यवतींनी त्याचे नामकरण केले.

पहिला नकाशा धान उपणण्याच्या पंख्याचा. आमचा जिल्हा धानाचा. मळणी व्हावी आणि नेमका वारा पडावा, सूप हाती धरून माणसाने खळ्यावर आभाळाकडे बघत राहावे, हे दरसालचे. ह्या पंख्याला वीज लागत नाही, जुन्या सायकलीचे पायडल मारावयाचे. पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 18; म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. टायर काढलेल्या 24 इंची रिमवरून पट्टा 6 इंची पुलीवर घेतला की आणखी चौपट. पायडल एक, पंखा दहा! हे सारे त्याने मला फरशीवर खडूने काढून समजावले, आणि मी वर्गात अलंकार शिकवताना मुलांचे होते तसे माझे तोंड झाले.

"अरे, कागदावर कुठे धंदा चालतो?" मी म्हणालो. त्याचे उत्तर तयार होते : लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांच्याजवळ तरी काय होते? मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांची चित्रे काढायला शिकवीत. 1888 साली बेळगावात भावाबरोबर काढलेले सायकलींचे दुकान होते. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि कडबा कापण्याचे यंत्र अन् लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमिनीला विष चढते असा शेतकऱ्यांचा समज. नांगराला पुष्कळ दिवस गिऱ्हाईक मिळेना. पुढे औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि 1910 साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आम्हां मराठीच्या मंडळींना 'किर्लोस्कर' म्हटले की मासिक आठवते; पण आधी नांगर, आणि मग 1920 साली निघालेली 'किर्लोस्कर खबर'. हा क्रम मला भाच्याकडून ऐकावा लागला.

त्याला माझ्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या : थोडे पैसे आणि पुष्कळ मराठी. पैसे मी कुरकुरत दिले, मराठी आनंदाने. महाग पडले ते दुसरे.

नकाशासोबत जोडणीचा एक कागद द्यावयाचा होता. भाच्याच्या खर्ड्यात एक वाक्य असे होते : "पंख्याच्या नटाला उलटे आटे आहेत. टेबल फॅनची टोपी आवळता तसा उलटा आवळा, जोर लावू नका." सायकलच्या डाव्या पायडललाही असेच उलटे आटे असतात. साधा नट लावला तर पंख्याच्या फिरण्यानेच तो सैल होत जाईल, म्हणून ही योजना. मला ते वाक्य गावंढळ वाटले. मी लिहिले : "तदनंतर पंख्याचा नट योग्य दिशेने दृढ करावा." वाक्याला तोल आला, असे वाटून मी स्वतःवर खूषही झालो होतो.

मार्गशीर्षात एके सकाळी पवनीकडचे एक शेतकरी दारात उभे राहिले. हातात पोते. पोत्यातून त्यांनी वाकलेले पाते काढून माझ्या टेबलावर ठेवले, शेजारी नट. आतले आटे पार मेलेले. नट त्यांनी नेहमीसारखा उजवीकडे फिरवला होता. बसेना, तेव्हा पान्ह्याला नळी लावून बसवला. एखाद्या आट्यावर तो कसाबसा अडकला. पंख्याने वेग घेतला, पाते सुटले आणि समोरच्या कुडात रुतले. त्या कुडाशी बसून त्यांची नात सांडलेले धान वेचीत होती. आईची हाक आली म्हणून नुकतीच आत गेली होती.

"गुरुजी, हा कागद तुमीच लिवला का?"

"होय."

"यात योग्य दिशा लिवली हाये. योग्य मंजे कोनती?"

वीस वर्षे मी प्रश्नपत्रिका काढतो आहे; इतका सरळ प्रश्न मला कधी सुचलेला नाही. सौभाग्यवतींनी चहा आणून ठेवला. तो तिघांनीही मुकाट्याने घेतला. तिसरा भाचा, निरोप मिळताच धावत आला होता. त्याने माझ्यावर एका शब्दाने ठपका ठेवला नाही. "छापण्याआधी मी वाचायला हवं होतं, मामा. आणि पंख्याला जाळी मी नकाशात दाखवलीच नव्हती." नवा दांडा, नवा नट आणि जाळी घेऊन तो त्याच दुपारी त्यांच्याबरोबर पवनीला गेला.

तोवर तेवीस नकाशे विकले गेले होते. पुढचे तीन रविवार आम्ही दोघे एस. टी.ने लाखनी, साकोली, लाखांदूर असे हिंडलो, खळ्याखळ्यावर जाऊन नट पाहिले, जाळ्या बसवल्या. बऱ्याच जणांनी नट बरोबर लावला होता, कारण त्यांनी माझा कागद वाचलाच नव्हता! दोन ठिकाणी मात्र पान्हा मी स्वतः हातात घेतला. नट काढताना बोटे थरथरत होती, ते भाच्याने पाहून न पाहिल्यासारखे केले. जाळ्यांचा खर्च माझ्याकडे. उरलेले कागद सौभाग्यवतींनी बंबात घातले.

आता नव्या यंत्राच्या कागदाचा खर्डा छापण्याआधी पवनीला जातो. परवा डाळ भरडण्याच्या जात्याचा गेला होता, तो काल परत आला. नातीने आजोबांना वाचून दाखवला असावा, कारण खुणा शाळेच्या पेन्सिलीने केलेल्या आहेत. 'तदनंतर' एका जागी राहून गेले होते. त्याभोवती मोठे गोल वर्तुळ आहे.